मधल्या किमतीच्या सीडी रिसीव्हरची पारख

गाडीच्या डॅशबोर्डवर बसणाऱ्या, सीडी आणि रेडिओ वाजवणाऱ्या सिंगल डिन मापाच्या (एकाच खाचेत मावणाऱ्या) सीडी रिसीव्हरमध्ये एकाच कंपनीचे सर्वांत स्वस्त मॉडेल आणि त्याच्या दोन पायऱ्या वरचे मधले मॉडेल यांच्या किमतीत जवळजवळ दुपटीचा फरक होता, आणि दोन्हींच्या खोक्यांवर आकडा मात्र एकच ठळक छापलेला होता : ५० वॉट × ४. मग वरचे चार-पाच हजार रुपये नेमके कशासाठी मोजायचे, हा प्रश्न मला २०१३ साली पडला. पायोनिअर, सोनी, केनवूड, जेव्हीसी या सगळ्यांच्याच यादीत ही उतरंड थोड्याफार फरकाने सारखी होती, त्यामुळे मिळणारे उत्तर एकाच कंपनीपुरते राहणार नव्हते. मी ज्या संचाची पारख केली त्याचे नाव इथे मुद्दाम देत नाही. मॉडेले दरवर्षी बदलतात, पारखण्याची रीत तीच राहते.

माझी गाडी जुनी मारुती झेन. तिच्या डॅशबोर्डवर १८० × ५० मिलिमीटरची एकच खाच, त्यामुळे मोठ्या पडद्याच्या संचाचा विचार करण्याचे कारण नव्हते. घरात सीडींचा संग्रह मोठा आणि त्यातला बहुतेक भाग शास्त्रीय गायन-वादनाचा, पुष्कळसा मैफलींच्या ध्वनिमुद्रणाचा. पेन ड्राइव्हवर सगळे भरून घ्या, असा सल्ला प्रत्येक दुकानात मिळाला. पण मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होते तिथे ट्रॅक बदलतो, तानपुरे मात्र थांबत नाहीत. सीडीवर हा सांधा सलग वाजतो. त्याच मुद्रणाच्या एमपीथ्री फायली केल्या की प्रत्येक फायलीच्या आगेमागे थोडी रिकामी जागा भरली जाते, आणि बहुतेक कार रिसीव्हर ती जागा तशीच वाजवतात. नेमक्या समेच्या तोंडाशी तानपुरा तुटतो. ज्याला ते खटकत नाही त्याने खुशाल पेन ड्राइव्ह वापरावा. मला ते खटकते, म्हणून सीडी नीट वाजवणारा संच हवा होता.

पहिला प्रश्न वॉटचा. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, टोटल दोनशे वॉट आहे, काचा हलतील.’’ हा आकडा कुठून येतो ते कागदावर मांडून पाहिले तर पुरेसे आहे. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब जास्तीत जास्त १४.४ व्होल्टच्या आसपास असतो आणि स्पीकर ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की जवळजवळ ५२ येतात. म्हणजे अँप्लिफायरने बॅटरीचा सगळा दाब सतत, एका बाजूने मग दुसऱ्या बाजूने, स्पीकरवर आदळत ठेवला तर ५० वॉट होतील. पण तसा आवाज म्हणजे केवळ करकराट, त्यात संगीत नाही. शुद्ध, न फाटलेल्या स्वरासाठी हिशेब केला तर आयसीत (अँप्लिफायरच्या चिपमध्ये) होणारी घट धरून हाती येतात ते वीस-बावीस वॉट. अमेरिकेतल्या सीईए-२००६ या मानकानुसार मोजलेला आकडाही याच घरातला असतो, आणि तो माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत सापडतो. आणखी एक साधी खूण संचाच्या मागे असते. दोन्ही संचांना १० अँपिअरचा फ्यूज होता. १० अँपिअर आणि १४.४ व्होल्ट यांचा गुणाकार १४४ वॉट. एवढी वीज आत जाणारा संच सतत दोनशे वॉट बाहेर देऊ शकत नाही, आणि आत गेलेल्या विजेतलाही बराच भाग उष्णता होऊन मागच्या अॅल्युमिनियमच्या पंखांवर जातो.

तरीही कागदावरच्या हिशेबावर थांबायचे नव्हते. त्याच कंपनीचे धाकटे, म्हणजे सर्वांत स्वस्त, मॉडेल एका मित्राच्या गाडीत होते आणि ते काही काळासाठी काढून द्यायला तो आनंदाने तयार झाला, त्यामुळे दोन्ही संच घरच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवता आले. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १० वॉटचे ३.९ ओहमचे पांढरे सिरॅमिक रेझिस्टर आणले. चार रेझिस्टर दोन-दोनच्या जोड्यांत जोडले की एकूण अडथळा पुन्हा ३.९ ओहमच राहतो, पण पेलण्याची ताकद ४० वॉट होते. स्पीकरच्या जागी असा एकेक गट लावला. वीज पुरवायला बारा व्होल्टची एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, घेतली आणि तिच्या कडेचा बारीक स्क्रू फिरवून दाब १३.८ व्होल्टवर आणला, कारण धावत्या गाडीत बहुतेक वेळ तेवढाच मिळतो.

चाचणीची सीडी मी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर वापरून स्वतः तयार केली. तिच्यात ४०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर ठेवला, कारण हाताशी असलेले साधे मल्टिमीटर एसी दाब काही शे हर्ट्झपर्यंतच खात्रीने मोजतात. प्रथेप्रमाणे १००० हर्ट्झ घेतले असते तर आकडा उगाच कमी दिसला असता. या कामात एक गोष्ट जपावी लागते. या संचांत स्पीकरच्या दोन तारांपैकी एकही तार अर्थची नसते. दोन्ही तारांवर आवाज असतो आणि दोन्हींवर बॅटरीच्या निम्मा डीसी दाबही असतो. मल्टिमीटर दोन तारांच्या मध्ये लावायला हरकत नाही, पण यातली कोणतीही तार संचाच्या धातूच्या पेटीला किंवा गाडीच्या बॉडीला लागली तर आतला आयसी जाऊ शकतो. जुन्या गाड्यांत चारही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र करून बॉडीला जोडलेल्या सापडतात. तसे वायरिंग असेल तर नवा संच लावण्यापूर्वी ते बदलावेच लागते.

आवाज एकेक आकड्याने वाढवत गेलो. स्वर फाटायला लागण्याचा क्षण कानाला स्पष्ट कळतो : गुळगुळीत ‘ऊ’सारख्या आवाजाला एकाएकी धार येते. त्याच्या एक पायरी अलीकडे थांबून मल्टिमीटर पाहिला, तर मधल्या मॉडेलवर ८.६ व्होल्ट. हिशेबाने हे साधारण १९ वॉट झाले. मग धाकटे मॉडेल जोडले आणि त्यावरही काटेकोर तोच आकडा आला. ताकद विकत घेण्यासाठी वरचे पैसे मोजायचे नाहीत, एवढे इथेच नक्की झाले. एकोणीस वॉट कमी आहेत असेही नाही; झेनच्या दारातल्या स्पीकरना आणि माझ्या कानांना ते भरपूर आहेत.

त्यानंतर सीडी वाचण्याची यंत्रणा. सीडीचे वाचन आतल्या बाजूने सुरू होऊन कडेकडे जाते, आणि चकतीचा वेग सुरुवातीला मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास असतो तो कडेला २०० पर्यंत उतरतो. चकतीचे किंचित वाकणे कडेला जास्त जाणवते, म्हणून संच तपासताना पहिला ट्रॅक वाजवून दाखवतात त्याला अर्थ नसतो. सत्तर मिनिटांच्या पुढे भरलेल्या सीडीचा शेवटचा ट्रॅक लावून पाहावा. ओरखड्यांचेही असेच. चुका दुरुस्त करण्याची सीडीतली मूळ व्यवस्था इतकी भक्कम आहे की मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा सलग तुटवडा ती पूर्ण भरून काढू शकते. म्हणून मध्यापासून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा दिसायला भीषण असला तरी फारसा त्रास देत नाही, आणि मार्गाच्या दिशेने गोल गेलेला बारीक ओरखडा मात्र गाणे अडकवतो. सीडी पुसताना गोल न पुसता आतून बाहेर पुसावी असे सांगतात ते याचसाठी.

टाकाऊ झालेल्या एका सीडीच्या वाचायच्या बाजूवर मी काळ्या मार्करने मध्यापासून कडेपर्यंत रेघा ओढल्या. एक सुमारे एक मिलिमीटर रुंदीची, दुसरी दीड, तिसरी दोन. शाई पूर्ण वाळू दिली आणि मगच सीडी खाचेत सरकवली. एक आणि दीड मिलिमीटरच्या रेघा दोन्ही संचांनी न अडखळता पार केल्या. दोन मिलिमीटरच्या रेघेवर दोन्ही संच अधूनमधून टिकटिकले. इथेही दोघांचे वागणे इतके सारखे होते की आतली यंत्रणा एकच असावी असे मला वाटते. घरी कोऱ्या सीडीवर भरलेली गाणी दोघांनीही नीट वाचली. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी, जिच्यावरून प्रकाश बराच कमी परततो, ती ओळखायला दोघांनीही थोडा जास्त वेळ घेतला.

खड्ड्यांतली परीक्षा मात्र टेबलावर होत नाही. संच बसवताना त्याचा कल किती असावा हे पुस्तिकेत दिलेले असते. माझ्या संचाला आडव्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत मुभा होती आणि झेनची खाच त्यात सहज बसते. त्याहून महत्त्वाचा असतो तो मागचा आधार. समोरच्या बाजूने, खाचेत आधी बसवलेल्या लोखंडी बाहीचे पत्रे वाकवून संच अडकवला की काम झाले असे समजण्याची पद्धत आहे, आणि मागे मात्र संच अधांतरी लोंबत राहतो. मग गतिरोधकावर सीडी उडाली की दोष संचाला दिला जातो. मी फिटरला मागच्या स्क्रूला पट्टी लावून ती आतल्या लोखंडाला बांधायला सांगितली. ‘‘कोणी लावत नाही सर, गरज नसते,’’ असे म्हणत का होईना, त्याने ती नीट बांधली. त्यानंतर कात्रजच्या जुन्या घाटात आणि शहरातल्या उखडलेल्या रस्त्यांवर गाणे तुटले ते फक्त चाक खोल खड्ड्यात आदळले तेव्हा, आणि तेही अर्ध्या क्षणापुरते.

वायरिंगबद्दल थोडक्यात लिहितो. पिवळी तार बॅटरीची कायमची, लाल तार चावीची, काळी अर्थची. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या. हे रंग बहुतेक सगळ्या कंपन्या पाळतात. गाडीकडच्या कपलरमध्ये (तारांच्या जोडणीच्या प्लगमध्ये) मात्र रंग वेगळे असतात आणि तिथे मल्टिमीटरने तपासल्याशिवाय काहीही जोडू नये. पिवळी आणि लाल उलट जोडली गेली तर प्रत्येक वेळी चावी काढल्यावर घड्याळ, स्टेशने आणि टोनची सगळी मांडणी पुसली जाते. काळी तार मी कपलरमधल्या बारीक तारेला न जोडता, डॅशबोर्डमागच्या एका बोल्टखालचा रंग खरवडून तिथे घट्ट बसवली. फेस प्लेट (बटणांचा सुटा होणारा दर्शनी भाग) काढून ठेवल्यावर पिवळ्या तारेतून वाहणारी वीज मोजली, ती पाच मिलिअँपिअरच्या आत होती. गाडी काही आठवडे उभी राहिली तरी एवढ्याने बॅटरी उतरत नाही.

आता ऐकण्याकडे येतो. संच पारखायला तानपुऱ्यासारखे साधन नाही, असे माझे ठाम मत आहे. तो अखंड वाजतो, त्याची पातळी फारशी बदलत नाही, आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार झणझणेल अशा केलेल्या जुळणीमुळे, त्यात खर्जापासून अगदी वरपर्यंतचे असंख्य उपस्वर एकाच वेळी असतात. टोन कुठे फुगवला असेल तर तानपुऱ्याचा रंग लगेच बदलतो : खर्जाची तार ढोल वाजल्यासारखी घुमायला लागते किंवा जोडाच्या तारा पत्र्यासारख्या झणझणतात. पार्श्वभूमीवरची खरखर तपासायलाही मी अतिशय हळू पातळीवर भरलेला तानपुराच वापरला. पूर्ण शांततेचा ट्रॅक लावून ही तपासणी होत नाही, कारण सीडीवर निखळ शून्य आले की बरेच संच बाहेर जाणारा आवाजच बंद करून टाकतात आणि संच आहे त्याहून शांत भासतो.

दोन्ही संचांवर सगळे टोन सपाट ठेवले, लाउडनेस (हळू आवाजात खालचे-वरचे स्वर फुगवणारी सोय) बंद केला आणि त्याच गाडीत, त्याच स्पीकरवर आळीपाळीने ऐकले. सपाट मांडणीत दोघांमधला फरक मला सांगता आला नाही. पत्नीला न सांगता संच बदलून ऐकवले, तिलाही तो सांगता आला नाही. खरा फरक पुढे सुरू झाला, आणि तो आवाज हाताळण्याच्या सोयींचा होता.

धाकट्या मॉडेलवर बास, मिडल, ट्रेबल एवढेच. मधल्यावर पाच पट्ट्यांचा इक्वलायझर, आणि त्याहून मोलाचा म्हणजे हाय-पास फिल्टर, ठरावीक आकड्याच्या खालचा आवाज स्पीकरकडे जाऊ न देणारा. दारातल्या लहान स्पीकरना सर्वांत जास्त कष्ट पडतात ते ८० हर्ट्झच्या खालच्या आवाजाचे. तो आवाज ते नीट काढू तर शकत नाहीत, पण तो काढण्याच्या धडपडीत पडदा इतका पुढेमागे हलतो की त्याच वेळी चाललेला गळ्याचा आवाजही थरथरतो. विलंबितात डग्ग्यावर मनगट दाबून काढलेल्या घिश्शाच्या वेळी गायकाचा लांबवलेला ‘आ’कार डळमळतो तो यामुळे. फिल्टर ८० वर लावला आणि तीच जागा पुन्हा ऐकली. डग्ग्याची घुमार किंचित आटली, पण ‘आ’कार स्थिर राहिला, आणि आवाज पूर्वीपेक्षा तीन-चार आकड्यांनी वर नेता आला. मी वरच्या पैशांतले निम्मे तरी या एका सोयीसाठी आनंदाने दिले असते. मागे वेगळा सबवूफर असेल तरच फिल्टर लागतो, असे सांगितले जाते ते खरे नाही. सबवूफर नसतानाच त्याची गरज जास्त असते.

दुसरी सोय बसण्याच्या जागेची. उजव्या दारातला स्पीकर चालकाच्या कानापासून साधारण ८५ सेंटिमीटरवर आणि डावा १३५ सेंटिमीटरवर, असे माझ्या गाडीत टेपने मोजल्यावर निघाले. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे डावीकडचा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक उजव्या दारात बसून गातो आहे असे वाटते. मधल्या मॉडेलमध्ये जवळच्या स्पीकरचा आवाज तेवढाच थांबवून धरण्याची सोय होती. आपल्याकडे चालक उजवीकडे असल्यामुळे पर्यायांतला ‘पुढचा उजवा’ निवडायचा. बरेच संच डावीकडचा पर्याय आधी दाखवतात आणि तोच निवडला गेला तर बिघाड दुप्पट होतो. योग्य पर्याय निवडताच गायक काचेच्या मध्यावर, स्टिअरिंगच्या थोडा डावीकडे आला आणि तबला व पेटी त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे ऐकू येऊ लागले. शेजारच्या आसनावर बसणाऱ्याला मात्र हे आणखी वाईट ऐकू येते, म्हणून घरचे सोबत असताना मी ही सोय बंद ठेवतो.

तयार टोनांच्या यादीत, ‘पॉवरफुल’, ‘व्होकल’ वगैरे, माझ्या उपयोगाचे काही निघाले नाही. ‘व्होकल’ नावाचा टोन तर स्त्रीगायिकेच्या तार सप्तकातल्या स्वरांना बोचरा करतो.

रेडिओची परीक्षा घेताना जेवढे शिकायला मिळाले तेवढे सीडीनेही शिकवले नाही. ओळखीच्या एका कुटुंबात नातेवाइकांनी अमेरिकेतून आणलेला संच होता आणि त्यावर पुण्याची विविध भारती लागत नाही अशी तक्रार होती. मिर्ची ९८.३ लागत होते, रेडिओ सिटी ९१.१ आणि रेड एफएम ९३.५ लागत होते, विविध भारतीचे १०१ मात्र लागत नव्हते. कारण असे की अमेरिकेत एफएम स्टेशने ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि फक्त विषम दशांशावर असतात, त्यामुळे तिथला संच १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतो. आपली ही तिन्ही खासगी स्टेशने योगायोगाने विषम दशांशावर असल्यामुळे दोष लपून राहतो आणि नेमकी विविध भारती सापडत नाही. मध्यम लहरींवरही हेच घडते. तेव्हा पुणे आकाशवाणी ७९२ किलोहर्ट्झवर होती, सांगली १२५१ वर, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. हे सगळे ९ च्या पाढ्यातले आकडे आहेत. अमेरिकेत अंतर १० चे, म्हणून तिथला संच ७९० आणि ८०० दाखवतो, ७९२ कधीच नाही. काही संचांत हे अंतर बदलण्याची सोय मेनूत खोलवर असते, काहींत नसतेच. परदेशातून किंवा बिलाशिवाय येणाऱ्या मालातून स्वस्तात संच घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी १०१.० लावून पाहावे. दहा सेकंदांचे काम आहे.

माझा संच इथल्या बिलाचा असल्याने त्यात ही अडचण नव्हती. त्याची परीक्षा मी खंडाळ्याच्या घाटात घेतली. मिर्ची, सिटी, रेड या तिघांच्याही मुंबई आणि पुणे इथल्या स्टेशनांचे आकडे एकच आहेत. एफएममध्ये जो संकेत अधिक जोरकस असेल तोच रिसीव्हर पकडतो आणि दुसरा जवळजवळ पूर्ण दाबला जातो. त्यामुळे लोणावळ्याच्या पुढे वळणावळणावर पुण्याच्या निवेदकाच्या जागी मुंबईचा आणि मुंबईच्या जागी पुण्याचा येत राहतो. हा बदल संच किती सफाईने करतो यावर ट्यूनरची पारख होते. मधल्या मॉडेलने संकेत दुबळा झाला की आधी स्टिरिओचे मोनो केले, मग वरची खरखर हळूहळू कमी केली, आणि मगच आवाज सोडला. मित्राचे धाकटे मॉडेल त्याच वळणांवर फसफसत राहिले. एरिअल पूर्ण, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर, बाहेर काढलेली होती. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीची ती पाव लांबी आहे आणि अर्धी आत ढकललेली एरिअल घेऊन ट्यूनरला नावे ठेवणे बरोबर नाही. मध्यम लहरींवर दोन्ही संच सारखेच साधारण निघाले. विजेच्या तारांखालून जाताना दोघेही गुरगुरले.

हाताळण्याच्या बाबतीत माझे लक्ष दोन-तीनच गोष्टींवर होते. चावी बंद करून पुन्हा सुरू केली की पन्नास मिनिटांचा ख्याल जिथे थांबला तिथूनच सुरू झाला पाहिजे. दोन्ही संचांनी हे केले. एकाच ट्रॅकमध्ये पुढे जाताना मधल्या मॉडेलचा वेग बटण धरून ठेवल्यावर वाढत गेला, धाकट्याचा वाढला नाही, आणि आलापी ओलांडून बंदिशीपर्यंत पोचायला एवढ्या मोठ्या ट्रॅकमध्ये याचा फार उपयोग होतो. आवाजाचा गोल खटका दोघांनाही होता, पण मधल्याच्या खटक्याला प्रत्येक पायरीवर बोटाला जाणवणारी अटक होती. रस्त्यावरची नजर न काढता किती पायऱ्या फिरवल्या ते कळते. दुपारी चारच्या उन्हात पश्चिमेकडे जाताना दोन्हींची अक्षरे दिसेनाशी झाली. रात्री मात्र नारिंगी-पांढरी तार दिव्यांच्या वायरला जोडल्यामुळे मधल्याचा प्रकाश आपोआप मंद होत होता. त्याचा रंगही बदलता येत होता; निळा मला रात्री डोळ्यांवर येतो, म्हणून मी अंबर ठेवला. या तारेचे टोक फिटर बहुधा काळी टेप गुंडाळून तसेच सोडून देतात, तेव्हा ती जोडायला आवर्जून सांगावे.

मधल्या मॉडेलच्या मागे बाहेरच्या अँप्लिफायरकडे आवाज नेणाऱ्या तारांसाठी ४ व्होल्टचे तीन जोड होते, धाकट्याला २ व्होल्टचा एकच. जाहिरातीत यावर फार भर असतो. मित्राच्या अँप्लिफायरला दोन्ही जोडून पाहिले. इंजिन बंद, काचा वर, आवाज मोठा अशा स्थितीत ट्विटरला (वरच्या स्वरांच्या लहान स्पीकरला) कान लावल्यावर ४ व्होल्टच्या जोडाची फसफस स्पष्ट कमी होती, आणि ऐंशीच्या वेगाने महामार्गावर ती कोणत्याही संचावर ऐकू आली नाही. ज्याला पुढे अँप्लिफायर आणि सबवूफर लावायचे आहेत त्याला तीन जोड हवेतच, कारण एकाच जोडावर पुढचे स्पीकर आणि सबवूफर वेगळे हाताळता येत नाहीत. ज्याला लावायचे नाहीत त्याने या सोयीसाठी एक पैही जास्त मोजू नये.

मी मधले मॉडेलच घेतले, फिल्टर, बसण्याच्या जागेची सोय आणि ट्यूनर या तिघांसाठी; यांपैकी फिल्टर एखाद्या धाकट्या मॉडेलमध्ये मिळाला असता तर निर्णय कठीण झाला असता, कारण उरलेल्या दोहोंशिवाय माझे भागले असते.

एक तपासणी हिवाळ्यात घेतलेल्या संचावर करता आली नव्हती ती मे महिन्यात झाली. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत हात ठेववत नाही इतका डॅशबोर्ड तापतो. अशा वेळी संच सुरू केला तेव्हा सीडी आत घ्यायला तो नेहमीसारखाच चालला, पण बाहेर आलेली सीडी चांगलीच गरम होती. कारखान्यात छापलेल्या सीडींना याने काही झाले नाही. घरी भरलेल्या सीडींचा थर रंगद्रव्याचा असतो आणि ऊन-उष्णता त्याला मानवत नाही, म्हणून त्यांच्या प्रती गाडीत आणि मूळ सीडी घरी, अशी व्यवस्था केली. कागदी लेबल चिकटवलेली सीडी मात्र गाडीत मुळीच नको : उष्णतेने डिंक सुटतो, लेबलाची कड उचलते, आणि खाचेतून सीडी ओढून घेणाऱ्या रबरी रुळांमध्ये ती अडकली की संच उघडल्याशिवाय निघत नाही. गाडीतल्या सीडींवर राग आणि गायकाचे नाव मी आता मधल्या पारदर्शक कड्यावर, स्पिरिट नसलेल्या मार्करने लिहितो.